उशिरा येणाऱ्याची पायरी

प्रिय बाबा,

काल तुझा दहावा झाला. निघताना भजनी मंडळातली माणसं मला म्हणाली, आता गुरुवारी बापाच्या जागी तू बस. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तुला विचारायचं, तर आता या कागदाशिवाय दुसरी सोय नाही.

कोपरखैरण्याच्या आपल्या देवळात तू दर गुरुवारी गावातल्या पोरांना घेऊन भजन करायचास, आणि तुझा एकच नियम. भजन सुरू झाल्यावर आलेल्याने आत यायचं नाही, बाहेर पायरीवर बसून ऐकायचं. नव्या शहरासाठी शेतं गेली, पोरं कारखान्यांत लागली, तरी नियम तोच. देव नंतर कळेल, आधी वेळ कळू दे, असं तू पोरांच्या आईबापांना सांगायचास.

त्या गुरुवारी मी तुर्भ्याहून पाळी संपवून धावतच आलो होतो. हाताचं ग्रीससुद्धा नीट गेलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं तसं तू भजन थांबवलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "माजा पोर हाय म्हनून आत येशील काय? भायेर बस."

मी बसलो नाही, निघून गेलो. सानपाड्याला भाड्याने खोली घेतली. चार वर्षं त्या देवळाकडे फिरकलो नाही. सणाला घरी यायचो, जेवायचो, तुझ्याशी कामापुरतं बोलायचो. मला वाटायचं, तुला पोरापेक्षा तुझा हेका प्यारा. एकदा तरी जवळ बसवून समजावायचंस ना रे!

आईने परवा सांगितलं. दम लागायला लागल्यापासून तू देवळाच्या वाटेवर दोनदा टेकायचास. शेवटच्या महिन्यात दोन गुरुवार तुला उशीर झाला आणि दोन्ही वेळा तू शाल पांघरून पायरीवर बसलास. पोरं हाताला धरून आत ओढत होती. तू म्हणालास, "नियम माजाच हाय. मीच मोडला त पोरांनी का पालावा?"

तुझा हात धरून तुला वेळेवर देवळात न्यायला कुणीच नव्हतं का, बाबा? होता की. सानपाड्याला रुसून बसला होता.

तुझ्या जागी मी बसणार नाही. मंडळी दुसरं कुणी बघतील. येत्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाईन, देऊळ झाडीन, सतरंजी घालीन आणि नव्या पोरांच्या ओळीत बसेन. हे एवढं तुला वचन.

तुझा,
चार वर्षं उशीर झालेला
मधुकर