सूप घेऊन शाळेत

नागपूर, डिसेंबर १९७४

माय, जयभीम.

एम.एड.ले मी समुपदेशन घेतलं, म्हणजे शाळेतल्या पोरांचं दुखणं आयकून घ्यायचं काम. वाशीमकडची मी एकटीच. आज बाईंनी शिकवलं, पोरगं बोलत असलं की त्याच्या डोळ्यांत पाहावं. मी वहीत लिहून घेतलं, पण मले पटलं नाई.

दुसरीत असताना मी तुले सांगतलं होतं, गुरुजी मले दाराबाहेर बसवतात. तवा तू सुपात डाळ निवडून राह्यली होती. तू मान वर केली नाई, म्हणून मले सारं सांगता आलं. तू पाह्यलं असतं त मी नुसती रडली असती.

दुसऱ्या दिवशी तू सूप घेऊन शाळेत आली, अन् माह्याजवळ दाराबाहेर डाळ निवडत बसली. चार दिवस रोज तशीच येऊन बसली. पाचव्या दिवशी गुरुजी म्हणाले, "चंपाबाई, पोरीले आत पाठव."

बाईंनी विचारलं, लहानपणी तुमचं कोणी आयकून घेतलं? मले तुह्यं नाव घ्यायची लाज वाटली. मी म्हटलं, "आमच्या गुरुजींनी."

हे पत्र मी टाकणार नाई. गावचं पोस्ट गुरुजींच्याच घरी, अन् तुले पत्र वाचून दाखवतात तेही तेच. उद्या कार्डावर 'खुशाल आहे' एवढंच लिहीन.

एकच इचारायचं राह्यलं, माय. कार्ड वाचतानी गुरुजी तुले घरात बसवतात, का अजून दाराबाहेरच?

तुही,
पंचफुला