भिंतीवरचे तीन चेंडू

मृत्युपत्र लिहून ठेवते मी, खाली सही करणारी; वय एकाहत्तर, धंदा टेनिसच्या रॅकेटला तारा ओढण्याचा. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मी हे लिहू नये म्हणून माझ्या मुलाने बरीच गोडीगुलाबी केली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच भलेपणा केला होता.

एक. मागच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव मुलाला.

दोन. क्लबला काहीही नाही. चाळीस वर्षे त्यांच्या फाटकालगतच्या दुकानात बसून मी त्यांच्या रॅकेट तयार केल्या. नियम असा, की तारा ओढल्यावर मी सरावाच्या भिंतीवर तीन चेंडू मारून रॅकेट तपासावी आणि बाहेर यावे. चौथा चेंडू म्हणजे खेळणे, आणि खेळायला सभासद व्हावे लागते. त्याला दोन सभासदांची शिफारस हवी आणि फी माझ्या वर्षभराच्या कमाईएवढी. एकदा क्लबच्या सभासद असलेल्या डॉक्टरीणबाईंना जोडीदार कमी पडली, त्यांनी मला आत ओढले. मी दोन गेम जिंकले. सेक्रेटरी येऊन गोड आवाजात म्हणाले, "बाई, खेळता छान हो तुम्ही. पण आज तुम्हाला घेतलं, तर उद्या कँटीनवालाही येईल." दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली, की दुकानदारांनी कोर्टात पाऊल ठेवू नये. क्लबने मला दिलेले मानपत्र त्यांना परत करावे. त्याची काच फुटलेली आहे. ती मीच फोडली.

तीन. थोरल्या भावाला त्याचे मोजे. वडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली रॅकेट त्याला मिळाली, कारण तो मुलगा. दोन महिन्यांत कंटाळला आणि तिच्यावर ओले मोजे वाळत घालू लागला. ती मी उचलून ठेवली. मी ते दोन गेम खेळून आले तेव्हा हाच म्हणाला, "चारचौघांत उड्या मारत होतीस म्हणे. लाज नाही वाटत?" मला वाटली. तिथेच चुकले. डॉक्टरीणबाईंनी नंतर दोनदा पालिकेच्या मैदानावर खेळायला बोलावले, मी कामाचे निमित्त सांगितले.

चार. दुकान आणि तारा ओढायचे यंत्र नातीला. ती चौदा वर्षांची आहे, डावखुरी आहे, आणि पालिकेच्या त्याच मैदानावर मुलांना धूळ चारते. गेल्या महिन्यात तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, तिचे खेळणे बंद केले. "लग्न ठरवताना बॅकहँड कोण विचारतंय, आई? आणि बूट, चेंडू, शिकवणी, हे आपल्यासारख्यांचं काम आहे का?" त्याला हे माझे उत्तर. ती सज्ञान होईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी दुकान भाड्याने द्यावे आणि ते भाडे तिच्या खेळावरच खर्च करावे. लग्नावर एक दमडीही नाही. मुलाने तिला अडवले, तर कलम एकमधल्या खोल्याही तिच्याच.

पाच. कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेली वडिलांची रॅकेट नातीची. तिला मी दर वर्षी नव्या तारा ओढल्या, पण भिंतीपाशी कधी नेली नाही, कारण ती गिऱ्हाइकाची नव्हती. नातीने ती तपासून घ्यावी. नियमाप्रमाणे तीन चेंडू मारावेत. मग चौथा मारावा, आणि कोणी हाक मारली तरी थांबू नये.

लिहून देणार: तारवाली बाई (सही)
साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही)
क्लबचा कँटीनवाला (सही)
स्थळ: दुकानातले बाकडे
दिनांक: ९ मार्च, सोमवार, क्लबच्या सुट्टीचा दिवस