तिसऱ्या धबधब्याजवळचा बाण

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून हातून एक काम धड होत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. गुडघ्याचं विचारलंस. सूज उतरतेय. दुकानाच्या जिन्यावरून घसरले असं फोनवर सांगितलं होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी पोटात जळतंय ते बाहेर काढते. तुझी ती दातांची डॉक्टरीण मला आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. ती हसली की तिच्या दवाखान्याची जाहिरात होते, आणि ती सारखी हसते. पंधरा वर्षं दर मोसमाआधी त्या घळीतले, गुहेची वाट दाखवणारे पिवळे बाण आपण दोघींनी रंगवले. तू रंगवायचीस आणि मी वीस पावलं मागे जाऊन, वाट ठाऊक नसलेल्या माणसासारखी बघून, 'दिसतो' म्हणायची. खडक तुषारांनी ओला असायचा, म्हणून तो आधी कोरडा पुसायचा आणि रंग सुकेपर्यंत तिथेच डबा उघडून बसायचं. तुझ्या नवऱ्याला ठाऊक नसतील अशा कितीतरी गोष्टी मला त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत कळल्या. यंदा मोसमाआधीच जुन्या गुडघेदुखीमुळे मला चढ बंद झाला आणि आठवड्याच्या आत तुला दुसरी मिळाली. बरं, तिला नुसतं मागे उभं केलं नाहीस, ब्रशच तिच्या हातात दिलास. मला तू पंधरा वर्षांत एकदाही दिला नव्हतास.

वर फोटो पाठवलास, गुहेच्या तोंडाशी दोघी, बोटं पिवळी. मी तो मोठा करकरून पाहिला. पाठीला टेकू मिळेल अशी तिथे एकच जागा आहे, आणि ती तिथेच बसली होती. खाली तू लिहिलंस, हिचा हात बघ किती स्थिर आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असेल नाही तर काय, दिवसभर लोकांच्या तोंडात सुया खुपसते.

आणि आता हे पत्र. तुला ताप होता म्हणून ती एकटीच अठरा जणांना गुहा दाखवायला घेऊन गेली. धुकं दाट होतं. तिसऱ्या धबधब्यापाशी गुहेकडे वर वळायचं, ते सोडून ती खाली ओढ्यात उतरली, आणि शेवाळावरून आपल्या पोस्टमास्तरांचा पाय सटकून मनगट मोडलं. वळणावर बाण नव्हताच. सगळे म्हणाले, हिने रंग सुकू दिला नाही, पाण्याने धुऊन गेला. तीही म्हणाली, माझीच घाई झाली असेल. रविवारी आपल्या गटाची बैठक आहे, तिला पुन्हा कुणाला घेऊन जाऊ द्यायचं नाही असं ठरतंय, आणि ती तर येणंच बंद करतेय. शेवटी तू लिहिलंस, 'तू सांगत होतीस तेच खरं, तिला धीर नाही. बरी हो लवकर, पुढच्या वर्षी परत आपण दोघीच.'

हे वाक्य मी भाकरीच्या तुकड्यासारखं पुरवून पुरवून वाचलं. मला हेच तर हवं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिकडे एक म्हातारा माणूस हात गळ्यात बांधून बसलाय आणि इकडे मी खुशीत चहा करून प्यायले. चहा संपला आणि मग मात्र माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना.

खारूताई, ते लोक निघायच्या दोन दिवस आधी मी एकटीच घळीत गेले होते. लेकीला सांगितलं, कापड आणायला जाते. कासवासारखी चढले, प्रत्येक बाणात खोट शोधत. सापडली नाही. तिसऱ्या धबधब्यापाशी सवयीने वीस पावलं मागे गेले. बाण लख्ख दिसत होता, तुझ्यापेक्षा चांगला काढलेला. मी तारेचा ब्रश काढला आणि तो घासून टाकला. ब्रश घरूनच नेला होता, तेव्हा डोकं फिरलं होतं असंही म्हणता येत नाही. वाटलं, चारचौघांत फजिती होईल, गुहा न दाखवताच परतावं लागेल. पण बाण नसला की नवा माणूस उतारालाच लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? गुडघा सुजला तो त्याच दिवशी उतरताना, जिन्यावर मी पडलेच नव्हते. पोस्टमास्तरांकडे उद्या जाऊन सगळं सांगणार आहे. डॉक्टरणीसमोर उभं राहायची हिंमत अजून नाही, आणि ती मला आजही आवडत नाही. तरी रविवारी हे पत्र बैठकीत सगळ्यांसमोर वाच, एक ओळही गाळू नकोस. आणि तिला सांग, तिने घाई केली नव्हती. रंग इतका पक्का सुकला होता की तो खरवडायला मला पाऊण तास लागला.

तुझीच, तू अजून म्हणू दिलंस तर,
कासव