भावजयीचा जपानी म्हातारा

ताई,

तर मग तूच सांग, माझ्या बायकोला त्या फोनवरच्या सिनेमाच्या गटात घालायची काय गरज पडली होती? मागच्या वेळी मी हेच विचारलं तर तू म्हणालीस, एकटी बसते रे, मन रमेल. रमलं. आता ते तिथून काढायचं कसं तेही तूच सांग. नमस्कार राहिलाच, तो आधी घे. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि पोरांची भांडणं आपापल्या जागी सुखरूप असतील असं धरून चालतो. मी ठीक आहे. (ठीक नाही, पण ते पुढे येईलच.) फोन सोडून कागदावर लिहितोय, कारण तुझा फोन निम्मा वेळ तुझ्या भावजयीच्या हातात असतो आणि तुझे निरोप तुझ्याआधी तीच वाचते. हा कागद म्हणूनच तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून झाला की फाड. अक्षराला हसू नकोस, सातवीत शाळा सुटली तेव्हा सुटलं ते तिथंच आहे.

माझं काम तेच. मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाई. वर लोक झोपतात, खाली आम्ही त्यांच्या चादरी धुतो, वाळवतो, घड्या घालतो. मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची आणि चालत चालत एकमेकांकडे यायचं. माझ्या जोडीला जो आलाय त्याला सगळे रेडा म्हणतात. (तोही म्हणतो.) तर दिवसभर मी रेड्याकडे चालत जातो, रेडा माझ्याकडे चालत येतो, आणि तिकडे माझी बायको एका दातांच्या डॉक्टरशी जपानी सिनेमावर बोलते. माझा संसार सध्या असा चाललाय.

पूर्वी सुट्टीत फोन केला की ती सांगायची, वरच्या मजल्यावरचीनं पुन्हा दारात पाणी सांडलं, शिंप्यानं बाही तोकडी केली, तुझ्या धाकट्यानं पेन्सिल चावली. मला सगळं घर दिसायचं. आता फोन केला की म्हातारा. तो जपानी डायरेक्टर, तुमच्या गटाचा देव. जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे, पण माझ्या घरात राहतो. म्हणे तो कॅमेरा पार जमिनीलगत ठेवायचा. मी म्हटलं, स्टँड मोडका असेल. हसली नाही. म्हणे माणूस खोलीतून निघून गेला तरी तो खोली दाखवत राहायचा. मी म्हटलं, माणूस गेला ना, मग कापायचं की. त्यावर ती इतका वेळ गप्प की मला वाटलं नेट गेलं. विचारलं तर म्हणाली, गेलं नाही, आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही ताई, नाहीतर मी त्याला सोडला नसता. जिवंत माणूस हातात होता तो फक्त दातांचा डॉक्टर.

हा तुमचा डॉक्टर. स्वतःच्या फोटोच्या जागी किटली लावतो. दातांचा डॉक्टर असून तोंड दाखवायला काय होतं? आणि लिहितो काय, तर ‘या दृश्यातली शांतता ऐकण्यासारखी आहे.’ त्याला शांतता आवडायचीच. त्याच्या खुर्चीत बसलेला माणूस तोंड उघडं ठेवून बसतो पण बोलू शकत नाही. आमची बाई त्याच्या प्रत्येक वाक्याला लाल बदाम चिकटवते. मी मागे चादरींच्या ढिगावर बसलेला माझा फोटो पाठवला होता, चांगला आला होता, तर अंगठा दाखवला. अंगठा तर मला आमचा मुकादमही दाखवतो.

मग मी ठरवलं, शत्रूच्या घरात शिरायचं. तू भाऊजींना पाठवलेली गटात यायची लिंक चुकून मलाही आली होती, तीच दाबून गटात शिरलो आणि नाव घेतलं चित्रप्रेमी; तिथं नंबर दिसत नाही हे बरं. (तू गटाची मालकीण आणि तुला पत्ता नाही. असो.) त्या आठवड्याचा सिनेमा होता छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बापाचा, ज्याचा एकुलता मुलगा नोकरीला लांब निघून जातो. तो मी वाळवणीच्या यंत्राशेजारी बसून जेवता जेवता पाहिला आणि झकास अभिप्राय लिहिला. लिहिलं की या लोकांची घाई पाहून जीव दमतो. बाप चहा ओततो तोवर पिऊन मोकळा. मुलगा बसला नाही तोच उठला. वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर तयार. सगळं घर गाडी चुकणार असल्यासारखं पळतंय, आणि म्हाताऱ्यानं हे बरोबर दाखवलंय की त्यांच्याकडे कुणालाच कुणासाठी वेळ नाही.

मग किटली बोलली, ‘अत्यंत वेगळी दृष्टी. वरवर संथ, आत प्रचंड वेग, हे आजवर कुणी मांडलं नव्हतं.’ त्यावर सगळे तुटून पडले. कुणी आतला वेग म्हणे, कुणी काळाची उलटी चाल. एका निवृत्त मास्तरनं तर सिनेमा पुन्हा पाहून मला दुजोरा दिला. माझी छाती फुगली. रेड्याला दाखवलं, त्याला काही कळलं नाही पण त्यानं पाठ थोपटली. आणि मग पाहतो तर चित्रप्रेमीच्या खाली लाल बदाम, आपल्या बाईसाहेबांचा. वर लिहिलंय, ‘किती छान लिहिता तुम्ही.’

आता मी काय करायचं? आनंद झाला ते खरं. पण डबा अर्धवट झाकून ठेवला. ती काय मला बदाम देत नव्हती, ती एका परक्या पुरुषाला देत होती, ज्याचं तोंड पाहिलं नाही, ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही. लग्न झालेल्या बाईनं कुणाही चित्रप्रेमीला असं लिहावं? संध्याकाळी फोनवर आडून विचारलं, गटात नवीन कोण कोण आलंय. तर म्हणाली, आलाय एक, हुशार आहे. अशा आवाजात म्हणाली की मी त्या माणसाला शोधून दोन लगावल्या असत्या.

पुढच्या सिनेमावरही मी तसंच लिहिलं. किटली पुन्हा भारावली. पण या वेळी बदाम आला नाही. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘चित्रप्रेमी, तुम्ही सिनेमा दुप्पट वेगानं बघता का? राग मानू नका. आमचे हे माझे निरोपसुद्धा तसेच ऐकतात. आधी मी सावकाश बोलायचे तर म्हणायचे, पटकन सांग. आता मी पटकन बोलते, तर ते तेही दुप्पट करतात. माझा खरा आवाज आठवत असेल का त्यांना, कोण जाणे.’

ताई, फोन दुप्पटवरच होता. कायमचा, निरोप असो की सिनेमा. जेवायची सुट्टी एवढीशी, मुकादमाचे निरोप लांबलचक, म्हणून एकदा लावला तो तसाच राहिला. माझ्या ते अंगवळणी पडलं. मला खरंच वाटायचं, जपानी माणसं अशीच चहा पितात. त्या दिवशी मी यंत्राच्या मागे गेलो, फोन साध्या वेगावर आणला आणि तिचा आदल्या दिवशीचा निरोप पुन्हा लावला. मी ऐकला होता तो असा, की पाणी आलं, बिल भरलं, बाकी सगळं ठीक. साध्या वेगात ‘बाकी सगळं’ म्हटल्यावर ती थांबते. लांबून कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येतो. ती श्वास घेते. मग ‘ठीक’ म्हणते. ते ठीक मला अजून कानातून काढता येत नाही.

मग सिनेमाही साधा लावला. मुलगा गेल्यावर बाप एक छत्री उघडतो, काडी बघतो, मिटतो, आणि कॅमेरा तिथंच बसून राहतो. मला काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की म्हाताऱ्यावरचा राग दुपटीनं वाढला, कारण सिनेमा चांगला होता. तिच्याकडे असं एकटक बघत बसायचं काम माझं होतं, आणि ते त्यानं केलं, मरून. मी गट सोडला. निरोप न घेता, दार आपटून. (त्यात दार नसतं, पण मी मनानं आपटलं.)

तर तिला समजाव की या नादातून बाहेर पड. सिनेमे डोळ्यांना वाईट, हे तू धंद्यातली म्हणून सांगितलंस तर पटेल. भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा भाऊ

ता.क. डोळ्यांचं सांगू नकोस. त्याऐवजी विचार, तिला रविवारी गटाच्या चर्चेआधी एक सिनेमा माझ्याबरोबर बघायला आवडेल का. ती तिकडून लावेल, मी इकडून, एकाच क्षणी. साध्या वेगात. मध्ये बोलणार नाही. रेड्यानं माझ्या वाटच्या चादरी एकट्यानं ओढायचं कबूल केलंय, म्हणजे घड्या वाकड्या पडणार, पण पडू देत.

आणखी एक. परवा फोनवर ती म्हणाली, चित्रप्रेमी गेल्यापासून गटात मजा नाही. म्हणाली आणि थांबली. तो मीच हे तिला कळलंय, की तिला त्याची खरंच आठवण येते, हे मला समजेना. दोन्हींत मला झोप नाही. तू मालकीण आहेस, तर चित्रप्रेमीला गटात परत घे. पण त्याला बदाम द्यायची बंदी कर. असं काही करता येत असेल तर कर.

आणि तिच्या कानात घालायच्या वायरीची एक बाजू बंद आहे म्हणे, अर्ध्या कानानं जपानी ऐकते. चांगली घेऊन दे, दोन्ही बाजू वाजणारी, तिला नको म्हणू देऊ नकोस. पैसे नवऱ्यानं पाठवलेत हे दोनदा सांग, किटलीसमोरही सांग. सत्तावीसशे.