पेशींच्या पुड्या

३ फेब्रुवारी

सर आज सगळ्यांसमोर म्हणाले, "पेशी पुड्या सोडतायत की तू?" सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र जाम चिडले.

चूक माझीच. नाव मीच ठेवलं. पेशी आपल्यातला थोडा माल बारीकशा पिशवीत बांधून बाहेर सोडते, शेजारची पेशी तो आत घेते — पुडी नाही तर काय? मूत्रपिंडाच्या धडधाकट पेशींच्या पुड्या गोळा करायच्या, प्राणवायू तोडून घुसमटवलेल्या पेशींना द्यायच्या, त्या तगतात का बघायचं. तीन वर्षं हेच चाललंय.

अठ्ठावीस तारखेची मुदत. तोवर काही दाखवलं नाही तर काम बंद, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली.

७ फेब्रुवारी

तगल्या! घुसमटलेल्या पेशी तगल्या!

८ फेब्रुवारी

आनंद चोवीस तासही टिकला नाही. ज्या डिशमध्ये पुड्या दिल्याच नव्हत्या, तिथल्याही तगल्यात. म्हणजे माझ्या पुड्यांनी काहीच केलं नाही?

जेवताना बाबा म्हणाले, "तोंड का पाडलंयस?" सगळं सांगितलं. बाबांनी तीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावली. घास तसाच हातात धरून म्हणाले, "थैलीत दुसऱ्या कुणाचं टपाल नव्हतं कशावरून?"

म्हटलं, बाबा, जेवा आता.

९ फेब्रुवारी

बाबांचंच खरं!

पेशींना जे खाऊ घालतो त्यात वासराच्या रक्ताचं सीरम असतं. आणि त्यात वासराच्या पुड्या असतातच. पहिल्या महिन्यात शिकवतात ही गोष्ट. म्हणून सीरम आधी जोरात फिरवून, पुड्या तळाला बसवून, वरचं तेवढं वेगळ्या बाटलीत काढून ठेवते. या वेळी शेजारची, न फिरवलेल्या सीरमची बाटली उचलली. दोन्हींवर माझंच अक्षर. वासराची पुण्याई मी माझ्या नावावर खपवत होते. कुणाला तोंड दाखवायची सोय नाही.

तरी सरांना जाऊन सांगितलं. "बरं झालं, तूच पकडलंस," एवढंच म्हणाले. तारीख तीच.

१२ फेब्रुवारी

पुन्हा पहिल्यापासून. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंनी नळ्या माझ्या हातातून काढून घेतल्या. "तुझा जीव अडकलाय यात. कुठली कुठली ते तुला कळताच कामा नये." त्यांनी नळ्यांवर आकडे घातले आणि चिठ्ठी कपाटात बंद केली. एका नळीत धडधाकट पेशींच्या पुड्या, एकीत नुसतं मिठाचं पाणी, आणि एकीत घुसमटून मरायला टेकलेल्या पेशींच्या पुड्या. ही शेवटची खरं तर एरवी बेसिनमध्ये जाते. सर तिला कचरा म्हणतात. ताई म्हणाल्या, तुलनेला असू दे.

१९ फेब्रुवारी

डिशमध्ये बुरशी नाही. आजच्यापुरतं एवढं पुष्कळ.

२४ फेब्रुवारी

एक नंबरची नळी दिलेल्या पेशी मेल्या. दोन नंबरच्या अर्ध्यामुर्ध्या. तीन नंबरच्या टवटवीत!

सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "पुन्हा मोज." मोजल्या. तेच. तीन नंबर माझ्या पुड्या, दुसरं काय असणार? घरी आल्याआल्या बाबांना सांगितलं, पोचल्या. म्हणाले, "मग पत्ता बरोबर होता म्हणायचा." फार बरं वाटतंय. किती दिवसांनी!

२६ फेब्रुवारी

ताईंनी चिठ्ठी उघडली. एक — मिठाचं पाणी. दोन — धडधाकट पेशी. तीन — मरणाऱ्या.

मरता मरता त्या पेशी शेजारणींना जगवत होत्या, आणि तीन वर्षं मी त्यांच्या पुड्या बेसिनमध्ये ओतल्या.

सरांनी चिठ्ठी हातात घेऊन स्वतः वाचली. मग म्हणाले, "लाग आता या पुड्यांच्या मागे." कुणी हसलं नाही.