ऋचाच्या वाटणीचं वचन

२९ डिसेंबर, रविवार

गाडी घेतली! पांढरी, नवी कोरी. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी आवारात तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि अख्खी मंडळी डोळे मिटून उभी. मी नाही मिटले. ऋचाकडे बघत होते. माझी धाकटी जाऊ, लग्नाला जेमतेम चार वर्षं — आधी शोळिंगनल्लूरला फ्लॅट, आता ही गाडी. वर साक्ष दिली, सगळं प्रभूनं दिलं म्हणून. मग मला काय त्यानं वेस्ट मांबलमच्या भाड्याच्या घरात विसरून ठेवलंय? नगर सोडून इकडे तमिळ मुलखात येऊन अठरा वर्षं झाली. नवऱ्याची, गजेंद्रची, सरकारी नोकरी, आणि वॉशिंग मशीनचं दार अजून दोरीनं बांधतेय.

१ जानेवारी

सकाळी चर्चमध्ये वचनाची कार्डं वाटली. इथली पद्धतच आहे — परडीतून घरटी एक पाकीट उचलायचं, आत शास्त्रातलं एक वचन, ते वर्षभर त्या घराचं. देवानं तुमच्यासाठी निवडलेलं.

मी माझं तिथंच उघडलं. जवळ आहे तेवढ्यात तृप्त राहा, अशा अर्थाचं. मलाच! ज्यांच्याजवळ आहे त्यांना सांगायचं सोडून!

गजेंद्र आणि मकरंद, दोघे भाऊ चहाला थांबले, म्हणून ऋचा मला घरी सोडायला निघाली. पुढच्या सीटवर केकचे डबे, मी मागे बसले. तिनं तिचं पाकीट माझ्याकडे दिलं. "धरा हो ताई, मकरंद आल्यावर उघडेन." पाकीट चिकटवलेलं नव्हतं. ती गाडी मागे घेत होती. मी हळूच पाहिलं — कोठारं भरून वाहतील असं काहीतरी. म्हणजे अजून भरायची राहिलीत का हिची?

कार्डं बदलली. तिचं माझ्या पाकिटात, माझं तिच्या.

२ जानेवारी

शोकेसमध्ये लावलं. गजेंद्र खूश — "छान वचन आलं की आपल्याला." मी हो म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

कोठार राहू दे, वॉशिंग मशीन कायमचं बंद पडलं. चादरी हातानं धुतल्या. पाठ धरली आहे. ऋचाकडे म्हणे भांडी धुवायचंही मशीन आलं.

१६ मार्च, रविवार

मकरंदची नोकरी गेली. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा. गाडी विकली, दोघं आज बसनं आली.

इथं खोटं कशाला लिहू — ऐकल्यावर आधी हायसं वाटलं. मला! दिरावर संकट आलं आणि मला हायसं वाटलं! मग जेवताना आठवलं. कार्ड मी बदललं होतं. त्यामुळे तर नाही ना हे झालं?

३० मार्च, रविवार

पुरणपोळ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. वाटलं, रडत असेल, समजूत काढू. तर ही शेजारच्या दोन मुलींना गणित शिकवत बसलेली. मकरंद स्वयंपाक करत होता, चक्क गुणगुणत. फ्रीजवर ते कार्ड. माझं.

म्हणाली, जानेवारीत वाचलं तेव्हा रागच आला होता, आता रोज सकाळी दोघं मिळून वाचतात आणि प्रार्थना करतात. "गाडी होती तेव्हा हप्त्यांच्या धास्तीनं झोप नव्हती, ताई. आता पडल्या पडल्या लागते. प्रभू आहे ना."

ढोंग असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या तोंडावर दिसत होतं. आधी गाडीवर जळले, आता हिच्या झोपेवर जळते आहे. आणि ते वचन मला आलं होतं! देवानं माझ्या हातात ठेवलं आणि मी ते कचऱ्यासारखं तिच्या पाकिटात टाकलं.

६ एप्रिल, रविवार

आज सांगणारच होते. ती बसस्टॉपवर उभी होती. अर्ध्या वाटेतून परत फिरले.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सांगितलं. मिरवणूक संपल्यावर, हातातली झावळी कुस्करत, एका दमात.

"माहीत आहे, ताई. गाडीच्या आरशात दिसलं होतं."

मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्हाला ते इतकं हवं होतं, म्हणून गप्प बसले. नंतर मागेन म्हटलं. पण मग हे परत द्यावंसंच वाटेना."

पर्समधून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिला आता पाठ आहे म्हणे.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. काय मागायचं, ते आठवेचना.