अंगणातली वीतभर माती

माय, तू गेल्यावर मी कुठल्या नोकरीला लागले हे तुला ठाऊक नाही. जिथं किरणोत्सर्गी पदार्थ सांडतो तिथली जमीन मोजायची, ती साफ करून घ्यायची आणि माणसं परत राहायला कधी आणायची ते सांगायचं, हे माझं काम. सध्या देगलूरच्या बाजूला आहे. एका भंगारवाल्यानं कारखान्यातल्या जुन्या यंत्राचा बंद डबा फोडला आणि आतली पूड वाऱ्यानं शेजारच्या वस्तीवर गेली. घरं रिकामी करावी लागली. माणसं मुखेडला भाड्याच्या खोल्यांत गेली, ती आता परत यायचं म्हणतात.

वर्षभरात माणसाला किती किरणोत्सर्ग चालेल ती मर्यादा वरून ठरून येते. त्यात बसायचं तर किती माती खरवडायची, ते आम्ही काढतो. त्यासाठी माणूस दिवसातला किती वेळ उघड्या जमिनीवर असतो ते धरावं लागतं. कागदावरचा माणूस बहुतेक वेळ पक्क्या भिंतींच्या आत होता. मला हसूच आलं. तू घरात होतीस तरी कधी? उन्हाळ्यात तुझी चूल बाहेर, शेंगा फोडणं बाहेर, निजणंही बाहेर. एकदा शाळेतून येऊन मी ओल्या सारवणावरून तशीच चालत गेले, तेव्हा शेणाच्या हातानंच तू माझा दंड धरलास. "पाय टाकायच्या आधी बघावं, कुणाचा हात फिरलाय खाली," म्हणालीस. दंडावरची ती बोटं मी रागानं संध्याकाळपर्यंत धुतली नव्हती.

तर कागदावरच्या माणसाला उठवून मी तिथं तुला बसवलं. गणित बदललं. अंगणांतली वीतभर माती काढायची, वर बाहेरचा मुरूम टाकायचा, पत्रे धुवायचे असं ठरलं. खर्च वाढतो म्हणून साहेब कुरकुरले, पण ऐकलं. काम झालं, परत मोजणी केली, सगळं मर्यादेच्या आत आलं.

काल वस्तीतली एक म्हातारी आपलं घर बघायला आली. सोबत सून आणि रांगतं नातवंड. मी तिला आकडे समजावून सांगत होते. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या मायला ठेवताल का हितं?"

"ठेवीन," मी लगेच म्हणाले.

"मंग आमी येताव," असं म्हणून तिनं लेकराला अंगणात सोडलं. ते मुरमावर रांगत गेलं, मूठ भरली आणि तोंडात घातली. सून हसत उठली, बोट घालून तोंड पुसलं. मी हातातल्या कागदावरचा आकडा परत एकदा वाचला.

आकडा खोटा नाही, माय. मुरूम बाहेरचा असला तरी आजूबाजूची धूळ त्यावर बसते, आणि लेकरं माती खातात, तेही त्यात धरलेलं आहे. पण मर्यादेच्या आत म्हणजे धोका अजिबात नाही असं नसतं. एवढा चालेल, असं कुणीतरी म्हणावं लागतं. इथं ते मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं सामान येईल.

तू गेलीस हे मी तिला सांगितलं नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहिते. तुला मी तिथं खरंच ठेवलं असतं. तिनं माझ्या लेकीचं विचारलं असतं, तर एवढ्या लगेच बोलले नसते.